पाच ठिपके

काचसामानाच्या दुकानात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला लोक टकटकताई म्हणत असतील, तर त्यात लोकांची काही चूक नाही. गिऱ्हाइकानं कप निवडला की ती तो उचलायची, कानाजवळ धरायची आणि नखानं दोनदा वाजवायची. चांगल्या कपाचा आवाज थोडा वेळ रेंगाळतो. तडा गेलेल्याचा लगेच बसतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो न दिसो. बसक्या आवाजाचा कप परत फळीवर ठेवायचा नाही, तिथल्या तिथे फोडायचा, असा मालकांचा नियम होता. फळीवर गेलेला कप आज ना उद्या कुणाच्या तरी घरी जाणारच, असं ते म्हणायचे.

हा नियम तिनं एकदाच मोडला. नोकरीला नऊ वर्षं झाली होती, मालक बाहेर गेले होते, एक बाई घाईत होती आणि तिला हवी तशी चिनी मातीची किटली एकच उरली होती. आवाज जरासा बसका वाटला खरा. पण त्या दिवशी टकटकताईला सर्दी होती, कानांना दडे बसले होते. आपल्याच कानाचं काहीतरी, असं म्हणून तिनं किटली कागदात गुंडाळून दिली. वीस दिवसांनी ती बाई परत आली. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी. भांडायला नव्हती आली बिचारी, दुसरी किटली घ्यायला आली होती.

तेव्हापासून टकटकताई घाबरट झाली. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. त्यामुळे ती जन्मतःच भित्री आहे अशी त्याची पक्की समजूत होती. गॅसचं बटण तीनदा बघणारी, शिडीवर कुणी चढलं की खाली उभी राहून शिडीचा पाय धरणारी, अशी ती बाई. तो मनसोक्त हसायचा. "हिला फुलपाखरानं जरी धक्का दिला ना, तरी ही पोलिसांत जाईल," असं चारचौघांत सांगायचा. तीही हसायची. खरं सांगायचं तर त्याचं ते हसणं तिला बरं वाटायचं. घरात एक तरी माणूस घाबरत नाही म्हटल्यावर तिला रात्री झोप लागायची.

तर अशा या जोडप्यानं उतारवयात स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटी ओसरी. आयुष्य भाड्याच्या, ओल आलेल्या खोल्यांत काढलं होतं. नवरा गॅरेजमध्ये मोटारींना रंग मारायचा. त्यामुळे घराचं शेवटचं काम निघालं तेव्हा त्याच्या अंगात जणू वारं भरलं. कुठे रंगाचा ओघळ, कुठे दाराची फट, कुठे खिडकीच्या काचेवर सिमेंटचा शिंतोडा, असं त्यानं एका वहीत नंबर घालून लिहिलं. एकूण एकेचाळीस गोष्टी झाल्या. कंत्राटदार प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर द्यायचा, "होऊन जाईल, काका." म्हणून दोघांनी त्याचं नावच 'होऊन जाईल' ठेवलं होतं. न्हाणीघराचा दरवाजा घासतो? होऊन जाईल. नळ फिरवला की भिंतीत कुणीतरी शीळ घालतं? होऊन जाईल. आणि झालंही बरंचसं, दोन महिने हेलपाटे घालून आणि फोनवर घसा कोरडा करून.

नवऱ्याला सगळ्यांत प्रिय होती ती दारातून आत आल्या आल्या दिसणारी भिंत. तिच्यावर करड्या दगडाचे चौकोन लावले होते, दोन फूट बाय दोन फूट, खालपासून छतापर्यंत. दगड त्यानं स्वतः खाणीवाल्याकडे चार चकरा मारून निवडला होता. भिंतीला टेकून एक लाकडी बाक होतं, बूट घालायला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एक बूट घालायला पाच मिनिटं आणि दुसरा घालायला सात. मध्ये दम खायचा, मागे डोकं टेकायचं, दगडावरून तळहात फिरवायचा. "काय झळाळी आहे बघ," म्हणायचा.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी टकटकताई ती भिंत पुसत होती. पुसता पुसता सवयीनं नख वाजवलं. खालची रांग ठीक होती. बाकाच्या वरच्या रांगेत मात्र आवाज बसका निघाला. तिनं मधोमध वाजवलं, भरीव. कोपऱ्यांत वाजवलं, भरीव. कोपरा आणि मध्य यांच्यामध्ये सगळीकडे पोकळ, रिकाम्या पेटीसारखं. त्याच्या वरचा चौकोनही तसाच, स्टुलावर चढून वाजवले तेव्हा त्याच्याही वरचे दोन तसेच.

नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "अगं, तो दगड आहे. कप नाही."

"आवाज चांगला नाही येत."

"तुला कधी कशाचा चांगला आवाज आलाय?"

"वहीत लिहा ना. बेचाळिसावा नंबर."

"आवाज चांगला नाही, असं लिहू? होऊन जाईल पोट धरधरून हसेल."

त्यानं लिहिलं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला टकटकताईचा जीव टांगणीला लागायचा. तो फिरायला जायला बाकावर बसला की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि त्याच्या डोक्यावरच्या चौकोनांकडे बघत राहायची. एक चौकोन म्हणजे पाण्यानं भरलेली बादली, एवढं वजन. असे चार, एकावर एक. बारा मिनिटं. तिनं बाक हलवून पाहिलं, तर त्यानं ते ओढून परत जागेवर ठेवलं. बूट बाहेर ओसरीत ठेवले, तर म्हणाला, "ऊन लागून चामडं तडकेल. डोकं बिकं फिरलंय का तुझं?" फिरलंही असेल, असं तिला वाटायला लागलं. कान म्हातारे होतात. एकतीस वर्षं कप वाजवणं वेगळं आणि भिंत वेगळी. भिंतीतलं आपल्याला काय कळतं?

मग एक दिवस न्हाणीघरातली उचकटलेली फरशी बसवायला फरशीवाला आला. हाच तो, ज्यानं भिंतीवर दगड लावले होते. पन्नाशीचा, अबोल, कामाला नेटका. आत येताना त्यानं बूट काढले ते समोरच्या भिंतीला हात टेकून, एका पायावर उड्या मारत. टकटकताईनं ते पाहिलं. जाताना ती मुद्दाम म्हणाली, "दादा, बसून घाला की. बाक आहे ना."

फरशीवाल्यानं बाकाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "राहू द्या, ताई," म्हणाला आणि बूट हातात घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला. टकटकताईची पाचावर धारण बसली. ती त्याच्या मागोमाग बाहेर गेली.

"सिमेंटचा मसाला सगळीकडे नाही लावलात ना? मागच्या बाजूला?"

तो नाडी बांधत राहिला.

"दादा, माझा माणूस रोज तिथं बसतो."

"पाच ठिपके आहेत," तो हळूच म्हणाला. "चार कोपऱ्यांत, एक मध्ये. खालच्या रांगेला पूर्ण लावला, वर आल्यावर मसाला पुरेना. लोखंडी पिनाही यायच्या होत्या, वजन पेलायला. शेवटपर्यंत आल्या नाहीत. साहेब म्हणाले, दाब आणि पुढं चल."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो. होऊन जाईल म्हणाले." तो उठला. "ताई, माझं नाव नका घेऊ. तीन घरांची कामं आहेत माझी त्यांच्याकडे. पोटावर पाय येईल."

तिनं शब्द दिला. फरशीवाला कोपऱ्यावरून वळून गेला. आता तिला खात्री झाली होती आणि सांगायची मात्र सोय नव्हती.

शनिवारी सकाळी कंत्राटदार आला. एकेचाळीस गोष्टींवर बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. त्यानं पिशवीतून एक कागद काढला. घराचं काम व्यवस्थित पूर्ण झालं, आता कसलीही तक्रार नाही, असं त्यावर लिहिलं होतं, खाली सहीची जागा. त्याला घाई होती, तो दारातच उभा राहिला. "काका, इथंच करा सही. लगेच होऊन जाईल."

आणि नवरा गेला तो थेट बाकावर बसला. गुडघा सरळ केला, मांडीवर वही, वहीवर कागद. चष्मा खिशात चाचपू लागला.

"थांबा," टकटकताई म्हणाली. "या भिंतीचं काय?"

"काय झालं भिंतीला?" कंत्राटदारानं विचारलं.

"दगड पोकळ वाजतात."

नवरा ओशाळून हसला. "तिचं काही मनावर घेऊ नका. तिला सवय आहे."

"काकू, शंभर वर्षं हलणार नाही ही भिंत," कंत्राटदार म्हणाला. त्यानं पुढे होऊन नवऱ्याच्या डोक्यावरच्या दगडावर तळहातानं एक जोरदार थाप मारली. "बघा! दगड आहे दगड!"

वरच्या सांध्यातून थोडी पांढरी भुकटी खाली आली. नवऱ्याच्या खांद्यावर पडली. दोघांनीही ती पाहिली नाही. टकटकताईनं पाहिली, आणि तिच्या डोळ्यांपुढे कोपरापर्यंतची पट्टी आली.

तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि सगळा जोर लावून ओढलं. गुडघ्यातून कळ गेली, तो ओरडला, कागद खाली पडला. "अगं ए! वेड लागलं का तुला?" तिनं त्याला समोरच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं आणि माळ्याखालच्या पेटीतून त्याचा पत्रा ठोकायचा हातोडा आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

"हात लावलास तर बघ!" तो म्हणाला. आवाज रडवेला होता. त्याच्या आयुष्यातली ती पहिली देखणी भिंत होती.

तिला भयंकर भीती वाटत होती. दगड पडेल याची नव्हे. तो पडणार नाही याची. कान खोटे निघाले तर या माणसाची एवढी हौसेची भिंत आपण फोडली असं होणार, आणि तो ते कधी विसरणार नाही.

"मी एकदा कानाचं ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "एक बाई भाजली."

ती बाकापासून बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभी राहिली. स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यात घातलं आणि हातोडा मारला. एकदा. दुसऱ्यांदा मारायची वेळच आली नाही. दगड अख्खा निघाला, क्षणभर तिरका उभा राहिला आणि बाकावर आदळला. बाकाची फळी मधोमध मोडली. खाली ठेवलेला डावा बूट चपटा झाला.

कंत्राटदार दाराबाहेर पोचला होता. तिघांपैकी सगळ्यांत आधी तोच हलला होता.

भिंतीवर पाच गोल ठिपके होते, बशीएवढे. त्यातले तीन वरून गुळगुळीत होते. त्यांनी दगडाला कधी धरलंच नव्हतं. वर अजून तीन दगड तसेच लटकत होते.

"होऊन..." कंत्राटदार बाहेरूनच म्हणाला.

नवऱ्यानं कागद उचलला. सही केली नाही. घडी करून वहीत ठेवला आणि बेचाळिसावा नंबर घातला. पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. दुपारपर्यंत कंत्राटदाराची माणसं आली आणि उरलेले दगड उतरवून गेली. त्यात फरशीवालाही होता. त्यानं टकटकताईकडे पाहिलं नाही, तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी नवरा खोलीच्या उंबरठ्यावर उभा होता. आत जाईना.

"अगं, ए."

"काय?"

"पलंगामागची ही भिंत. जरा वाजवतेस?"

तिला वाटलं चेष्टा करतोय. पाहिलं तर तसं काही नव्हतं. ती आत गेली, उशीच्या वर दोनदा नख वाजवलं, डावीकडे, उजवीकडे. साधी विटांची भिंत, साधा गिलावा.

"भरीव आहे," ती म्हणाली. "झोपा खुशाल."

तो आत आला, पलंगाच्या कडेला बसला, पण मागे टेकला नाही. मान वळवून भिंतीकडे बघत राहिला. तो आता हसेल, काहीतरी बोलेल, म्हणून ती वाट पाहत उभी राहिली.

"परत एकदा वाजव," तो म्हणाला.