खाडीपलीकडचा टेंभा

प्रवासाबद्दल मी लिहावं, हे जरा जास्तच होतंय. आधीच माफी मागतो. आमच्या घरात सगळे चालणारे. दरवर्षी दिवाळीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, आटपाडीहून मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि मृगाच्या आधी परततात. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, आणि हा रस्ता एसटीने करणाराही पहिलाच.

यंदा घाट उतरल्यापासून अण्णांचा फोन बंद होता. माझ्या शाळेपायी आई गावात राहिली, ती पुन्हा वाड्याबरोबर (मेंढरांचा फिरता तळ) गेलीच नाही. तिन्हीसांजेला ती मावळतीकडे तोंड करून बसायची. शेवटी म्हणाली, "दिव्यापतुर जाऊन ये. दरसाल त्याच्या समूरच्या काठाला तळ पडतुया त्यांचा."

दिवा म्हणजे दीपगृह. लहानपणापासून ऐकलेलं, कधी न पाहिलेलं.

इस्लामपूर, शिराळा करत आंबा घाट उतरलो. शेतात पांढरे ठिपके दिसले की मी उठून उभा राहायचो. बगळे निघायचे. कंडक्टर म्हणाला, "बस की रं गड्या. उतरायचं हाय का उडायचं?"

खाडीच्या तोंडाशी, समुद्राला आडवा पडलेला वाळूचा लांब दांडा; चारी बाजूंनी पाणी. त्यावर सुरूची झाडं, थोडी वस्ती आणि टोकाला दगडी मनोरा. होडीतून उतरताना पाय गाळात रुतला आणि एक चप्पल तिथेच राहिली. अनवाणीच, होडीवाल्याने दाखवलेल्या बाबलकाकांच्या अंगणात गेलो. दिव्यावरच्या नोकरीतून ते निवृत्त झालेत. त्यांचे वडीलही तिथेच नोकरीला होते.

"खयसून (कुठून) आलास?"

"आटपाडीहून. मेंढरंवाल्यांचा."

"म्हंजे टेंभेवाल्याचो नातू!" खुर्चीवरचं घोंगडं थोपटत ते हसले. ते आमच्याच लोकरीचं होतं.

मग त्यांनी सांगितलं. आधी इथे सागवानी खांबावर कंदील टांगायचे. नंतर मनोरा बांधला. आत घासलेटचा दिवा. भिंग फिरवायला घड्याळासारखी वजनं, ती हाताने वर ओढायची. माझे आजोबा पहिल्यांदा पैलतीरी उतरले, तेव्हा त्यांना वाटलं, कुणी वाट चुकलेला मेंढका टेंभा फिरवून हाक घालतोय. आमच्या माळावर तशीच रीत आहे, आणि उत्तर न देणं पाप. आजोबा उजाडेपर्यंत टेंभा फिरवत राहिले. काकांचे वडील होडी घेऊन भांडायला गेले, "मेल्या, बोटी खडकार घालशील!"

आजोबांनी विचारलं, "आवं, पर त्यो गावला का?"

तेव्हापासून तळ पडला की एकदाच टेंभा फिरतो आणि इकडून कंदील हलतो. आता दिवा आपोआप लागतो, तरी काकांनी कंदील ठेवलाय. "तुझो बापूस डावरो. त्याचो टेंभो उलटो फिरता."

"यंदा?"

त्यांनी पैलतीराकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोज बघतंय मी."

जेवताना माशाचा काटा घशात अडकला. काकू म्हणाल्या, "बकरो खाणारो तू, मासो कसो खाणार!" सोलकढीवर निभावलं.

मनोऱ्याची पायरी एके काळी दांड्याच्या मधोमध होती. आता भरतीचं पाणी तिला लागतं. "वाळू सरकता. हो दांडोय तुमच्यासारखो, एका जाग्यार बसणारो नाय," काका म्हणाले.

संध्याकाळी दिवा लागला. आम्ही दोघं पैलतीराकडे बघत उभे राहिलो. प्रकाश तिकडे जात होता, फिरून जात होता. तिकडे अंधारच होता. आई रोज कशी बसत असेल, ते मला तेव्हा कळलं. तिच्याजवळ तर कंदीलही नाही.

सकाळी नंबर देऊन निघालो. घरी आईने माझ्या पायातल्या काकांच्या चपला पाहिल्या आणि ती पुन्हा मावळतीकडे तोंड करून बसली.

बरेच दिवस गेले. एका तिन्हीसांजेला काकांचा फोन आला. धापा टाकत होते. "अरे, टेंभो फिरलो! उलटो!"

आईने फोन हिसकावून घेतला. मला वाटलं, ती रडेल. तिने एवढंच विचारलं, "आवं, तुमी कंदील दावला न्हवं?"

"दाखवलंय तर! अजून हातातच असा."