फॉर्मर आणि लॅटर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, मैत्रिणीपाशी नाही, डायरीतही नाही. डायरी मी इंग्रजीत लिहिते, आणि इंग्रजीत मला लपायला फार जागा मिळते. म्हणून हे मराठीत. माझी मराठी घरातली आहे, शाळेतली नाही. चुकेल तिथे चुको.

आधी दोन मोटरसायकली सांगायला हव्यात.

माझ्या जन्माच्या आसपास खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला दोन इटालियन आले होते. जाताना ते आपल्या मोटरसायकली इथेच टाकून गेले. दोन्ही इटालियनच, लाल, एकाच आडव्या सिलिंडरच्या. इंजिनाच्या बाहेर एक जाड लोखंडी चाक उघडंच गरगरायचं, म्हणून लोक त्यांना ‘जातं’ म्हणत. एक बाबांनी घेतली. ते त्या कारखान्यात सुपरवायझर. दुसरी मोडलेली होती. ती भंगारात निघाली आणि तिथल्याच फिटरने, साजगावच्या भिवा मिस्त्रींनी, उचलली. ती उभी करायला त्यांना अकरा वर्षं लागली. जो भाग मिळाला नाही तो त्यांनी स्वतः लेथवर घडवला.

दर रविवारी मिस्त्री आमच्याकडे दहिवलीला यायचे. अंगणात दोन्ही जाती शेजारी शेजारी उभी राहायची, आणि तुलना सुरू. कोणती किती किकमध्ये चालू होते. बोरघाटात कोणाला कुठल्या वळणावर गिअर उतरवावा लागला. मग इंजिनं चालू ठेवून दोन्ही सीटवर पाण्याने भरलेला एकेक पेला — कोणाचा आधी सांडतो?

“साहेब, तुमच्या जात्याचा गळा बसलाय. आल्याचा चहा पाजा तिला.”

“तुझी बोलते फार रे भिवा. चढावर गप्प होते.”

मी दारात उभी राहून ऐकायची. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुटीला आलेली मुलगी. मला बोलायची सवय नव्हती, बघायची होती. आणि मला दिसायचं की पेला नेहमी बाबांचाच आधी सांडतो.

मिस्त्री बौद्ध. आमच्या घरी त्यांचा कप वेगळा नव्हता. बाबांना त्याचा अभिमान होता, आल्यागेल्याला ते सांगायचेसुद्धा. मीही स्वतःला तशीच समजायची — सुधारलेली. हे मुद्दाम लिहितेय. का ते पुढे कळेल.

मी कॉलेजात होते तेव्हा बाबांच्या मनात आलं, यातली खरी दुर्मिळ कोणती ते इटलीतल्या कारखान्यालाच विचारावं. गाडीच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उठतो. तसे दोन्ही गाड्यांचे छाप मी घेतले, पत्रावर एकाखाली एक चिकटवले. “भिवाचा आधी लाव गं,” बाबा म्हणाले, “तो पाहुणा.” पत्र इंग्रजीत मीच लिहिलं. मिस्त्री शेजारी उभे होते. म्हणाले, “खोटी निघाली ना साहेब, तर मोडून टाकीन. अकरा वर्सं खोट्यापायी घालवली म्हनून रोज तिचं तोंड कोन बघनार?”

त्यांनी हे म्हटलेलं मी ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

उत्तर पुढच्या सुटीत, एका मंगळवारी आलं. टाइप केलेलं एक पान. मी एकटीने वाचलं. त्यात नंबर पुन्हा दिले नव्हते, पहिली-दुसरी असंही नव्हतं. फॉर्मर आणि लॅटर हे दोन शब्द होते — आधीची आणि नंतरची. आधीची शर्यतीसाठी बांधलेल्या मोजक्या गाड्यांपैकी, तिचं काहीही बदलू नका, अशी विनंती. नंतरची साधी, आणि तिचं इंजिनही मूळचं नाही, दुसऱ्या गाडीचं.

आधीची मिस्त्रींची होती.

मंगळवार ते रविवार — पाच दिवस होते माझ्याकडे. घाईत घडलं असं मी म्हणू शकत नाही. पाच दिवस मी मनात वाक्य घोळवत होते.

रविवारी अंगणात मी वाचून दाखवलं. फॉर्मर म्हणजे नंतरची, असं सांगितलं. लॅटर म्हणजे आधीची. आवाज हलला नाही. बाबांनी आपल्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. त्यांना ते दोन शब्द येत होते का? मी कधी विचारलं नाही.

मिस्त्री पत्रावर वाकले. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत होती. एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

“लेटर म्हंजे पत्रच ना वो ताई?”

मी हसले. लॅटर आणि लेटर यांतला फरक मी त्यांना समजावला, स्पेलिंगसकट. शिकवताना मला बरं वाटत होतं. ते म्हणाले, “परत वाचा.” मी परत वाचलं, शब्दाखाली नख धरून. ते त्या नखाकडे बघत राहिले.

का केलं? बाबांसाठी, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. बाबा हरले असते तर दोन दिवस कुढले असते आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्रींना मिठाई घेऊन गेले असते. खरं हे आहे की ती वस्तू साजगावच्या त्या पत्र्याच्या पडवीत असावी आणि आमच्या अंगणात नसावी, हे मला पटत नव्हतं. कप एक होता. पण ही एवढी गोष्ट त्यांची असणं मला सोसलं नाही. असा विचार माझ्यात आहे हे मला त्या मंगळवारी कळलं. मी त्याला थांबवलं नाही.

आणि एवढ्यावर संपलं नाही. आठवड्याने मिस्त्री दुपारचे आले, बाबा कामावर असताना.

“ताई, ते पत्र यकदा द्याल का? गावच्या मास्तरांना दावतो. तुमच्यावर इस्वास नाय असं नाय हां.”

पत्र माझ्या खोलीत, पुस्तकात होतं. मी म्हणाले, “हरवलं.”

“बरं, असूं द्या,” ते म्हणाले. आणि भरदुपारी त्रास दिला म्हणून माझीच माफी मागून गेले.

त्या दिवशी गाडी अजून अख्खी होती.

दिवाळीनंतर बाबा मला साजगावला घेऊन गेले. मिस्त्रींनी इंजिन काढून मेव्हण्याच्या शेतात, नदीकाठी पंपाला जोडलं होतं. फ्रेम कापून कुंपणाचं फाटक केलं होतं. लाल टाकीत त्यांच्या बायकोने रॉकेल भरून ठेवलं होतं. मिस्त्री मला म्हणाले, “इंजिन ते इंजिनच ना ताई. पानी चांगलं वढतंय.”

मला रडू आलं नाही. तेही सांगून टाकते. मला सुटल्यासारखं वाटलं — आता कोणाला काही तपासता येणार नव्हतं.

दोन वर्षांनी कारखान्यात आलेला एक परदेशी इंजिनिअर बाबांची गाडी बघायला घरी आला. गाडी नीट चालावी म्हणून बाबांनी सकाळपासून मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. पाहुण्याने फोटो काढले. मग विचारलं, दोन होत्या म्हणे, दुसरीचं काय झालं? मी ते मिस्त्रींना मराठीत सांगितलं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, “माझी व्हती. खोटी निघाली, म्हनून मोडली. खरी हीच.”

पाहुणा माझ्याकडे वळला. मी त्याला ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे न करता.