वलगावचं वानर आणि तिकडचं माकड

माझी पोरगी परदेशात माकडांच्या एका विषाणूवर काम करते. माणसाला एड्स करणाऱ्या विषाणूचा हा चुलतभाऊ. यंदा तिचा करार संपत होता, आणि आता ती कायमची अमरावतीला येईल, ह्या एका आशेवर मी दर रविवारी फोनपाशी बसायची.

ती आपली विषाणूचंच सांगायची. आफ्रिकेतल्या ज्या माकडांत तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्यांना काही म्हणता काही होत नाही. रक्तात भरपूर असतो, तरी माकडं मजेत. दुसऱ्या जातीच्या माकडात शिरला, तर बऱ्याचदा टिकतच नाही. पण एकदा का टिकला, की आपल्या लालतोंड्या माकडांच्या भाऊबंदांपैकी धट्टीकट्टी जनावरंही झिजून मरतात.

"असं काहून वं? माकड ते माकडच ना?" मी चिडायची.

"तेच तर शोधून राहिली मी, आई," म्हणून ती हसायची. ते हसणं ऐकायला मी, चांगली शिकलेली मास्तरीण, तेच तेच विचारायची.

मागच्या महिन्यात वलगावला, माझ्या माहेरी, विजेच्या तारेला चिकटून एक वानर मेलं. आमच्याकडं वानर मेलं की घरचं माणूस गेल्यासारखंच. नवं कापड, गुलाल, भजन, मारुतीच्या देवळामागं माती. माझ्या भावानं तर डोकंसुद्धा भादरलं. तेराव्याला गावजेवण ठरलं. हे सगळं मी तिला फोनवरून दाखवलं. गाव पाहून हिला घराची ओढ लागेल, असा माझा डाव होता.

तर पोरगी रडायलाच लागली. तिच्याकडचं एक माकड त्या विषाणूनं खंगलं होतं, आणि त्याच दिवशी त्याला सुई देऊन कायमचं निजवलं होतं.

"त्याच्यासाठी कोणीच नाही रडलं, आई. मी करार वाढवला. त्यांच्यापाशी शेवटी कोणीतरी बसलं पाहिजे ना."

माझं डोकंच फिरलं. "अन् माह्यापाशी कोण बसन?"

ती हळूच म्हणाली, "तू ये ना इकडं."

"पाहू," म्हटलं. फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबून रडले. मला नव्हतं तिकडं जायचं. मला माझी लेक इथं, माझ्या स्वयंपाकघरात, गरम भाकरी खाताना पाहायची होती.