धवलारणीच्या मांडवात

आठवडाभर सरकारी शाळेत घसा कोरडा करायचा आणि रविवारी दुपारी टेंभी नाक्याजवळच्या माझ्या ओसरीवर पुन्हा तेच, अशी माझी तीन वर्षं गेली. गावापुढे उभे राहून अन्यायाविरुद्ध बोलतील, भटाशिवाय लग्नं लावतील, असे तरुण मला तयार करायचे होते. बारा आले, चार टिकले. जगाची हमाली तुम्हालाच कुणी सांगितली, असं बायको विचारी. तिचं चुकत नव्हतं. मी खरोखरच थकलो होतो.

चौघांत हुशार म्हणजे खाडीपलीकडच्या मिठागरावर राबणारा आगरी तरुण. खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडलेल्या, तरी गडी एक रविवार चुकवत नसे. वर्षभर मी त्याचं बोलणं घासूनपुसून पुस्तकी केलं, वधूवरांच्या प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या. पहिलं लग्न त्याने स्वतःच्या धाकट्या बहिणीचंच लावायचं ठरलं. ते पार पडलं तर तो गावोगाव जाणार होता. फसलं तर वर्ग बंद करायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मांडवात त्याची म्हातारी आत्या आधीच येऊन बसली होती. आम्ही उभे राहतो न राहतो तोच तिने गाणं सुरू केलं. मी हातानेच गप्प राहायची खूण केली. ती गप्प राहिली. त्याने प्रतिज्ञा न अडखळता म्हणवून घेतल्या, अक्षता पडल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण जेवायला कुणी उठेना. बायका म्हातारीकडे बघत बसलेल्या. आता कशाची वाट बघताय, असं मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं. लग्नाची, असं तो शांतपणे म्हणाला.

माझ्या शिष्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो आत्यापाशी जाऊन बसला आणि तिने पुन्हा गाणं धरलं. त्यांच्यात लग्न लावते ती ही धवलारीण. तिचे धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, हेच मंत्र. मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत राहिलो. सगळं आटोपल्यावर ती माझ्यासमोर आली.

"मास्तर, आमचे गावान बामन कदी आलाच नाय. लग्ना मीच लावतंय. मग तुमी आज हटवला कोनला?"

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर शिष्याचा रागही आला. तो होडीपर्यंत सोडायला आला तेव्हा मी तडकलोच. वर्षभरात एका शब्दाने सांगता आलं नाही का, म्हणून फैलावर घेतलं.

तो वर्षभरात पहिल्यांदाच माझ्याशी आपल्या बोलीत बोलला.

"सांगितलेलं, मास्तर. पयल्याच रविवारी तुमी इचारलं, तुमचे गावान लगीन कोन लावतं. मी बोललू, आत्या. तुमी हसलाव."

हसलो होतो खरा. वर्गात सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो.