छबूबाईंचं नाक

महाळुंग्यात आमच्या कंपनीच्या फाटकासमोर, ट्रक वळतात त्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये छबूबाईंची मेस आहे. आमची कंपनी लहान आहे, कँटीन नाही. मी तिथे अकौंट्स विभागात काम करतो. राहतो संत तुकाराम नगरला. पत्नी गेल्यापासून डबा बंद झाला आणि दुपारचं जेवण छबूबाईंकडे सुरू झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

छबूबाई मूळच्या लातूरकडच्या, औशाच्या. नवरा वेल्डिंगच्या कामासाठी इकडे आला, त्याच्यामागून त्या आल्या. तो लवकर गेला. पदरात मुलगा प्रीतम आणि हातात चव, एवढ्यावर त्यांनी मेस उभी केली. आता प्रीतम एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे आणि त्याची बायको स्वप्नाली सासूच्या हाताखाली काम करते. जेवणारी सगळी माणसं त्यांना मावशी म्हणतात, माझ्यासारखी त्यांच्या बरोबरीच्या वयाचीसुद्धा.

त्यांची एक पद्धत होती. स्वयंपाक झाला की पहिलं छोटं ताट तुळजाभवानीच्या तसबिरीपुढे जायचं. उदबत्ती लागायची, पाणी फिरायचं आणि मगच आमची ताटं मांडली जायची. तोवर घरातलं कोणीही, त्या स्वतःदेखील, काही चाखत नसे. चाखलं की उष्टं झालं आणि उष्टं देवीला कसं दाखवायचं? त्यामुळे त्यांचा सगळा स्वयंपाक नाकावर चालायचा. त्या बाहेर मेथी निवडत बसलेल्या असायच्या आणि आत स्वप्नाली फोडणीपाशी. बाहेरूनच हाक यायची, "लसूण काढ गं, लागायलाय!" स्वप्नाली कढईत बघायची तर लसूण नुकता कुठे तांबूस होत असायचा. मीठ मात्र चिमटीच्या अंदाजानं पडायचं. त्यात नाकाचा संबंध नव्हता.

आम्हा जेवणाऱ्यांचीही एक पद्धत होती. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. कोणी शिकवली असं नाही, सगळे घरून तेच शिकून आलेले. एखाद्या दिवशी भाजी जमली नाही तर माणूस गुपचूप लोणचं मागून घेई.

गेल्या वर्षी होळी होऊन गेल्यावर छबूबाई भांडी घासताना मोरीत पाय घसरून पडल्या. डोक्याची मागची बाजू कट्ट्यावर आपटली. प्रीतमनं दवाखान्यात नेलं, डोक्याचं स्कॅन झालं, आत रक्तस्राव नव्हता. आठवड्याभरात त्या पुन्हा चुलीपाशी आल्या आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर जेवण तिखट होऊ लागलं.

मेसच्या शेजारी शफीभाईंचं दुचाकीचं गॅरेज आहे. बोलायला सगळ्यांत पुढे तेच असायचे. एके दिवशी वांग्याचा रस्सा खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मावशी, आज अख्खं लातूर ताटात उतरवलंत की!"

"तिखट झालं का रं?" छबूबाईंनी चटकन विचारलं.

"छे छे! असंच पाहिजे. इंजिन साफ झालं."

सगळे हसले. छबूबाई हसल्या नाहीत, शफीभाईंकडे बघत राहिल्या. त्यांचं ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

पुढे कधी लसूण जळालेला असे, कधी मसाला कच्चा राही. आम्ही समजलो, बाईंचं वय झालं, डोक्याला मार लागलाय, होईल हळूहळू नीट. उन्हाळा वाढला तसं एकदा वरण आंबलेलं निघालं. पहिला घास घेताच मला कळलं. समोर बुद्धरत्न बसला होता, प्रेस शॉपमधला ऑपरेटर, उदगीरकडचा, तरणाबांड गडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी वाटी बाजूला सारली. त्यानं मात्र मावशी समोर उभ्या आहेत म्हणून सगळं संपवलं. वर म्हणाला, "मस्त झालंय मावशी."

दुसऱ्या दिवशी बुद्धरत्न कामावर आला नाही. पोट बिघडून खोलीवर पडला होता. परत आल्यावर त्यानं सगळा दोष चौकातल्या वडापाववर टाकला. छबूबाईंनी तो आजारी असताना आठवणीनं ताकभात पाठवला होता, आणि आता वडापाववाल्याला चार शिव्याही दिल्या.

खरी गोष्ट उघड झाली ती गॅसमुळे. त्या दिवशी मी जेवायला जरा लवकर गेलो होतो. शेडपाशी पोचतो तोच शफीभाई हातातला पाना टाकून माझ्या पुढून आत धावले.

"मावशी, काडी लावू नका! हात थांबवा!"

नळी शेगडीपाशी सैल झाली होती. वास रस्त्यापर्यंत येत होता. स्वप्नाली दळण आणायला गेलेली. छबूबाई तसबिरीपुढे उभ्या होत्या, नैवेद्याचं ताट मांडलेलं, एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. शफीभाईंनी काडेपेटी अक्षरशः हिसकावून घेतली, सिलिंडरची चावी बंद केली आणि आम्ही दोघांनी बाईंना बाहेर ओढलं.

"काय झालं काय तुम्हाला?" शफीभाई ओरडत होते. "एवढा वास सुटलाय! नाक गहाण टाकलंय काय?"

छबूबाई पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग खाली बघूनच म्हणाल्या, "येईनाच गेलाय रे बाबा. पडल्यापासून कशाचाच वास येईना गेलाय."

शफीभाईंनी काडेपेटी खिशात टाकली.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? मेसवाल्या बाईला वास येईना म्हणल्यावर कोण जेवंल? वाटलं, सर्दीवानी असंल, जाईल. आन तुमी समदे रोज म्हणायचात, मस्त झालंय. मी म्हणलं, हात तर चालायलाय."

संत तुकाराम नगरात आमच्या इमारतीत डॉ. करिष्मा राहतात, कान-नाक-घशाच्या. प्रीतमला रजा मिळेना, म्हणून मी छबूबाईंना त्यांच्याकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. नाक आतून स्वच्छ होतं. मग डोळे मिटायला सांगून त्यांनी एकेक छोटी बाटली नाकाशी धरली. कॉफी, साबण, लवंग. छबूबाई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. नाही. नाही. नाही. चौथी बाटली आली तसा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आला! कापूर हाय! आला की वो!"

त्यांनी डोळे उघडून माझा हातच धरला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाटली बाजूला ठेवली.

"आजी, वास आला की थंड लागलं?"

छबूबाईंनी विचार केला. "थंड लागलं. नाकात गार झालं."

"ते वासाचं नाही. चेहऱ्याची एक वेगळी नस असते. गारवा, झोंबणं, ठसका, हे सगळं ती सांगते. ती तुमची शाबूत आहे. वासाची वेगळी असते."

तिखटाचं कोडं मला तिथे उलगडलं. बाईंना फोडणीतून फक्त मिरचीचा ठसका कळत होता. ठसका लागेपर्यंत त्या तिखट टाकत होत्या. बाकी सगळं त्यांच्यासाठी नुसती वाफ होती.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या अगदी वर एक पातळ हाड असतं, चाळणीसारखं भोकांचं. त्या भोकांतून वासाचे बारीक तंतू मेंदूकडे जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू आत हिसका खातो आणि ते तंतू तिथल्या तिथे तुटू शकतात. स्कॅनमध्ये ते बहुधा दिसत नाहीत. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या गोष्टी कळतात. आपण जिला जेवणाची चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग नाकाचाच असतो.

"म्हणूनच मला भाकर मातीवानी लागायलीय," छबूबाई म्हणाल्या. "मग गोळ्या द्या की."

"याला गोळी नाही, आजी."

"इंजेक्शन?"

"नाही."

"ऑपरेशन करा. माझं लेकरू करंल काहीतरी."

"ऑपरेशनही नाही. तंतू आपले आपण वाढले तर वाढतात. काही जणांचे वाढतात, काहींचे नाही. जेवढा काळ जातो तेवढी आशा कमी होते."

"माझे वाढतील का?"

डॉ. करिष्मांनी पेनाला टोपण लावलं. "मला सांगता येत नाही. पण एक सराव आहे, तो करा. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेकाचा वास घ्यायचा. घेताना तो वास कसा होता ते आठवायचं. कंटाळायचं नाही."

परतीला आम्ही रिक्षा केली. नाशिक फाटा मागे पडल्यावर छबूबाईंनी विचारलं, "खरं सांगा. बुद्धरत्न आजारी पडला, तवा वरण आंबलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

"तुमाला कळलं होतं?"

"हो."

"इतकी माणसं जेवली. एकानंबी सांगितलं न्हाई?"

"अन्नाला नावं ठेवू नयेत म्हणून..."

"अन्नाला नका ठिऊ," त्या म्हणाल्या. "मला ठेवायची होती. म्या पोरांला जेवायला घालायले, का इख चारून मारायले?"

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली.

मेसमध्ये आल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की इथून पुढे खोटं बोलणाऱ्याला ताट मिळणार नाही. शफीभाईंनी एक उपाय काढला. स्वयंपाकाच्या वेळी ते दारात येऊन वास घेतील आणि सांगतील. छबूबाईंना तो पटला, कारण त्यात चाखणं नव्हतं, देवीचा मान राहत होता. काही दिवस ते चाललंही. ग्रीसचे हात मागे बांधून शफीभाई उंबऱ्यात उभे राहायचे.

"झालं का रं भाजून?"

"झालं... म्हणजे वास येतोय."

"कसा येतोय? खरपूस का करपट?"

"आता कसं सांगू मावशी? भाजल्याचा येतोय!"

"आरं, खोबऱ्याचा आधी येतो का धन्याचा?"

शफीभाई डोकं खाजवायचे. पेट्रोलमधली भेसळ ओळखणारं त्यांचं नाक खोबऱ्या-धन्यापाशी हरत होतं. छबूबाईंना जे हवं होतं ते दुसऱ्याच्या नाकातून उसनं मिळणारं नव्हतं. शिवाय शफीभाईंच्या गॅरेजवर गिऱ्हाईक खोळंबायचं. एके दिवशी छबूबाईच म्हणाल्या, "जा बाबा, तुझं काम कर. लई केलंस."

मग त्यांनी पळी स्वप्नालीच्या हातात दिली. स्वप्नालीचं नाक सासूसारखं नव्हतं, तिला चाखल्याशिवाय जमत नसे. "चाख," छबूबाई म्हणाल्या. तिनं बोटावर आमटी घेतली आणि भीत भीत जिभेला लावली. तेव्हा छबूबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. त्या दिवसापासून देवीपुढे ताट जात नाही. वाटीत साखर ठेवतात. उदबत्ती लावतात, पण ती लावण्याआधी "गॅस बघ गं" म्हणून स्वप्नालीला विचारतात.

स्वतः त्या आता फक्त भाकऱ्या करतात. भाकरीला नाक लागत नाही. थापताना हाताला कळतं, भाजताना डोळ्याला दिसतं. स्वप्नालीचा स्वयंपाक वाईट नाही. जेवणारे टिकून आहेत, बुद्धरत्नही आहे. तो आता मीठ कमी असलं तर "कमी आहे" म्हणतो आणि लगेच ओशाळतो. छबूबाई भाकरी वाढताना प्रत्येकाला विचारतात, "कसं झालंय?" उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे टक लावून बघतात. चांगलं झालंय म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. मग आम्हीही नुसती मान डोलावतो.

स्वतः जेवायला बसतात तेव्हा भाकरी, मीठ आणि हिरवी मिरची घेतात. भाजी घेत नाहीत. "ठसका तेवढा कळतो," म्हणतात, "बाकी कशाला नासायचं?"

सराव मात्र त्यांनी सोडलेला नाही. लवंगांची डबी पिशवीत घालून त्या कमरेला खोचतात. आता पुन्हा होळी होऊन गेली. डॉ. करिष्मा मला जिन्यात भेटल्या की विचारतात, "आजींना काही फरक?" मी नाही म्हणतो. त्या "करत राहू द्या" म्हणतात आणि वर जातात.

येत्या ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतोय. परवा जेवण झाल्यावर ते सांगायला मी छबूबाईंपाशी गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे मिटून, लवंग नाकाशी धरून. माझी चाहूल लागली तशी त्यांनी डोळे उघडले आणि लवंग माझ्यापुढे धरली.

"जरा बघता का? ही लवंगच जुनी असंल. दुकानदारानं तेल काढलेली दिली असंल. हिलाच वास नसंल, न्हाई का?"

मी लवंग हातात घेतली. नाकाजवळ नेण्याचीही गरज नव्हती. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"येतोय," मी म्हणालो.

"लई येतोय का थोडा?"

"खूप येतोय."

त्यांनी मान हलवली, लवंग परत घेतली, डबीत टाकली आणि झाकण लावलं. निवृत्तीचं सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं.