एक माणूस जास्त मोजणाऱ्या दातारबाई

साल दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी उन्हाळ्यात दातारबाई शनिवार पेठेतल्या माझ्या दुकानात आल्या, बॅग फळीवर ठेवली आणि नेहमीसारखी आधी दुकानातली माणसं मोजली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, ओठ हलायचे. मी, त्या आणि चेन बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक.

"चार," त्या म्हणाल्या.

"तीन आहोत बाई."

"तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या. पण आकडा बदलला नाही.

मी बॅगा दुरुस्त करतो. चेन, हँडल, चाकं. बाई एका टूर कंपनीतून बावीस वर्षं माणसं घेऊन रोमला जायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पळायचे बूट. रोमचे जुने रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे. दोन दगडांत फट, फटीत चाक. तिथून आलेली बॅग मी नुसता चाकावर हात फिरवून ओळखतो, रबर एका अंगाने कुरतडल्यासारखं झालेलं असतं. म्हणून मी पेठेत सांगायचो, रोम मला पाठ आहे. लोक हसायचे. शेवटी रागाने मुलीला म्हटलं, काढ तिकीट. ती सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. माझं नको एकदाच असतं.

बाईंना कोणीही रोमबद्दल विचारायचं. एकाने विचारलं, बाई, रोममध्ये काय बघावं? "खाली बघावं," बाई म्हणाल्या. "पाय मुरगळला की पुढचं रोम दवाखान्याच्या खिडकीतून दिसतं."

तर त्या दिवशी मी जातोय म्हटल्यावर त्यांनी पर्समधून एक कागद काढला. प्रवाशांना द्यायच्या सूचना, मराठीत, दोन्ही बाजूंनी छापलेल्या. मी त्यावर नजर फिरवली, मान हलवली, घडी घालून खिशात ठेवला. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"वाचून दाखवा."

"घरी वाचतो."

"फक्त तिसरी ओळ वाचा, शंकरराव."

मी तिसरीत शाळा सोडली. दुकानाची पाटी आणि बसचा नंबर, एवढंच जमायचं. आज हे लिहितोय ते तेव्हा येत नव्हतं. आणि समोर गिऱ्हाईक उभं.

"बॅग उचला बाई," मी म्हटलं. "दुकान बंद करायचंय."

सकाळचे अकरा वाजले होते. गिऱ्हाईक निमूट निघून गेलं. बाईंनी बॅग उचलली. "चला, पुण्यात एक काम तरी वेळेआधी होतंय," म्हणाल्या. मग पायरीवर थांबल्या. पाठ माझ्याकडेच.

"थोरातांनी अशीच घडी घातली होती."

थोरात म्हणजे हडपसरकडचे एक वयस्कर शेतकरी. जमीन विकून युरोप बघायला निघालेले. पांढरी टोपी, ताठ मान. बाईंनी सगळ्यांना कागद वाटला, त्यात चौकाचं नाव होतं आणि तिथल्या कारंज्यापाशी चार वाजता जमायचं असं लिहिलं होतं. थोरातांनी मान हलवली, घडी घातली. कोणाच्या तरी बोलण्यातून त्यांच्या कानात एवढंच राहिलं, कारंजं. रोममध्ये चौकाचौकात कारंजं. ते भलत्याच कारंज्यापाशी जाऊन उभे राहिले. जुलैचं ऊन. सावली दहा पावलांवर होती. पण आपण चुकलोय हे कोणाला दिसू नये म्हणून असेल, ते हलले नाहीत की कोणाला हाक मारली नाही. बाई एकेक कारंजं पालथं घालत धावत होत्या. सापडले तेव्हा पडलेले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले.

"कपड्यांबरोबर कागद परत मिळाला," बाई म्हणाल्या. "घडी मोडलेली नव्हती. मी एकदा विचारायला हवं होतं, वाचता येतं ना. पण विचारलं तर अपमान होतो म्हणून आपण विचारत नाही. तेव्हापासून माझी मोजणी जुळत नाही."

त्या गेल्या. माफी मागायची सवय माझ्या जिभेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई परत हजर. तीच बॅग. "चाक बघा जरा, वाजतंय."

चाक वाजत नव्हतं. मी ते उघडलं, तेल घातलं, परत बसवलं. तेवढ्या वेळात बाई स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत, जणू स्वतःशीच, बोलत राहिल्या. तिथे कॉफी उभ्याने प्यायची, खुर्चीवर बसलं की तीच कॉफी महाग होते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मग देव कोणाचाही असो.

तिसऱ्या दिवशी परत आल्या. "अहो, काल मी काय सांगत होते? वय झालं, आठवत नाही."

"कॉफी उभ्याने. खांदे झाका," मी मान खाली घालूनच म्हटलं.

"हां, तेच."

असं बारा दिवस चाललं. बारा वेळा मी चांगलं चाक काढून परत बसवलं. बसमध्ये चढलं की तिकीट आधी यंत्रात घालून शिक्का मारायचा. पैशाची पिशवी पोटावर. कोणी हसत हसत मनगटाला दोरा बांधायला आला तर हात खिशात, त्याला राखी समजू नका. दुपारी दोन ते चार एखाद्या मोठ्या चर्चमध्ये बसा, गार असतं आणि तिथे झोपलेला माणूस भाविक वाटतो. माझ्या न वाचण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही चाकाला काही झालेलं नाही हे बोललो नाही.

बाराव्या दिवशी म्हणाल्या, "चुकामूक झाली तर शोधायला निघायचं नाही. आणि कारंजं विसरा. रस्त्यात लोखंडी नळ असतात, पाणी अखंड चालू असतं, पिण्याचं. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून धार येते. जवळचा नळ बघायचा आणि सावलीत बसायचं. उभं राहायचं नाही, शंकरराव. बसायचं."

बॅग त्या दिवशी त्यांनी नेली नाही. मी निघायला आठ दिवस होते, तेव्हा बाई झोपेतच गेल्या. मूलबाळ नव्हतं. भाच्याला बॅगेचं विचारलं, तो म्हणाला ठेवा तुम्हीच. मी तीच घेऊन रोमला गेलो.

आम्ही सत्तावीस जण होतो. तिसऱ्या दिवशी, लोक नाणी टाकतात त्या मोठ्या कारंज्याच्या वाटेवर, मला तो दगड दिसला. चाकं खाणारा. मी उकिडवा बसलो, फटीत बोट घालून बघितलं. बावीस वर्षं ज्याची करणी मी निस्तरली तो हा. उठलो तर आमच्या टूर लीडरची पिवळी छत्री कुठेच नव्हती. फोन काढला, तो बंद पडलेला.

पाय आपोआप चालायला लागले. रोम मला पाठ आहे ना. दहा-बारा पावलं गेलो असेन, तर मागून स्पष्ट ऐकू आलं, "नळ बघा." मागे सगळी परकी तोंडं होती. भिंतीलगत नळ होता, सावली होती. खरं सांगतो, तरीही मला उन्हात ताठ उभं राहावंसं वाटलं. सावलीत बसलेला म्हातारा हरवलेला दिसतो. थोरातांना काय वाटलं असेल ते मला तिथे कळलं.

मी बसलो. तोटीला बोट लावलं, धार वर आली, पाणी प्यायलो. दीड तास बसलो. त्यात कधीतरी शेजारी कोणी टेकल्यासारखं वाटलं. मी बघितलं नाही. थोडा सरकलो आणि सावलीत जागा करून दिली.

आमचा टूर लीडर धावत आला, तोंड पांढरं पडलेलं. "काका, हलला नाहीत म्हणून सापडलात."

"बाईंनी बसवलं होतं," मी म्हटलं.

"कोणत्या बाई?"

मी उठून त्याच्या छत्रीमागे चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्याने दिवसभराचा कार्यक्रम छापलेला कागद वाटला. कुठे जमायचं, किती वाजता. "सगळ्यांनी नीट वाचून घ्या." सगळ्या माना हलल्या. माझी पण हलणार होती. मी उभा राहिलो.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं. "मोठ्याने सांगा."

माझ्या मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी आपला कागद हळूच खिशात घातला आणि ऐकायला ते पुढे वाकले. टूर लीडरने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. चौकाचं नाव दोनदा सांगितलं. मग माणसं मोजली, सत्तावीस भरली.

"आले ना काका सगळे?" त्याने मला चेष्टेने विचारलं.

मी अंगठा पेरांवरून फिरवत एकेक सीट मोजली. माझी एकोणतीस भरली.

"आले," मी म्हटलं. "सोडा गाडी."