छत्रीवाल्याचा देश

गडचिरोली जिल्हा नवाच झाला होता. कुरखेड्याच्या बाजारात माझी छत्री दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला मी भूगोलाचा मास्तर असल्याचं कळलं, तेव्हा त्यानं छत्रीच्या काडीनं धुळीत स्वतःचा देश काढला. मोहाची झाडं जिथवर, तिथवर हद्द.

"राजधानी?" मी मास्तरकीनं विचारलं.

"आज इथी. उद्या बाजार दुसऱ्या गावी, त राजधानीबी तिकडंच."

"आणि राजा?"

"त्याची गरज नाई पडली अजून."

मी हसलो. राजधानी एकाच जागी असावी लागते, हे त्याला वर्गात सांगावं तसं समजावलं. कापड ताणत तो म्हणाला, "असन गुरुजी. पन मंग समद्या लोकाइलेच तिथी जा लागत असन?"

माझ्या खिशात बदलीचा अर्ज होता. तो घेऊन मी तिसऱ्यांदा गडचिरोलीला निघालो होतो.